देवनागरीला रोमनची फूटपट्टी

शुद्धलेखनावर आपण हिरिरीने वाद घालतो. पण लिहिलेले अक्षर वाचकाला दिसते की नाही, हा प्रश्न तंत्रज्ञांचा म्हणून सोडून देतो. ही वाटणी आम्हांस मान्य नाही. खरवईहून बदलापूर स्थानक गाठून, गर्दीच्या लोकलमध्ये एका हाताने हँडल आणि दुसऱ्या हाताने फोन धरून नेमलेली कादंबरी वाचणाऱ्या विद्यार्थ्यापुरते पुस्तकाचे पान म्हणजे तो हलता पडदाच होय.

पडद्यावरील मजकुरासाठी डब्ल्यूसीएजी ही मार्गदर्शक तत्त्वे जगभर प्रमाण मानली जातात. २००८ सालच्या त्यांच्या दुसऱ्या आवृत्तीने मजकूर व पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५:१ असावे असे ठरवले. अक्षर १८ पॉइंटांचे, अथवा ठळक असून १४ पॉइंटांचे असेल, तर ३:१ची सवलत दिली. यांतील ४.५ या आकड्यामागे ऐंशीच्या आसपासच्या माणसाच्या नजरेचा विचार आहे. मात्र ‘मोठे अक्षर’ ठरवताना चिनी, जपानी व कोरियन लिप्यांसाठी समतुल्य आकाराची तरतूद केली गेली. देवनागरीचा तेथे उल्लेख नाही. २०२३ सालच्या २.२ आवृत्तीतही नाही.

आमचा आक्षेप नेमका येथे आहे. देवनागरीत वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार यांसाठी जागा राखावी लागते. म्हणून त्याच पॉइंटात मूळ अक्षराच्या वाट्याला बहुधा कमी जागा येते. शिवाय इंग्रजी ‘आय’वरचा ठिपका पुसट झाला तरी शब्द तोच राहतो, आपल्याकडे ‘चिंता’वरचे टिंब गेले की ‘चिता’ उरते. ‘घर’ आणि ‘धर’ यांत शिरोरेषेच्या एका तुकड्याचे अंतर आहे. पांढऱ्यावर फिकट करडी, बारीक अक्षरे मांडून ‘अभिरुची’ मिरवणाऱ्यांनी या अंतराचे काय होते ते पाहावे.

यावर ‘वाचकाने बोटांनी मोठे करून घ्यावे’ असे उत्तर मिळते. पण मोठ्या केलेल्या ओळी पडद्याबाहेर जातात. कवितेत तर ओळ कोठे तुटते हाही आशयच असतो. ३२० पिक्सेल रुंदीतही मजकूर आडवा न सरकवता वाचता यावा, अशी अट २०१८ सालच्या २.१ आवृत्तीत आहे. वर्गांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरणारी, छापील पानांची छायाचित्रे जोडून केलेली पीडीएफ ती कशी पाळणार?

जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचे नाव देवनागरी टायपाच्या सुबकतेसाठी आजही घेतले जाते. खिळ्यांच्या काळात जी काळजी मुद्रणाचा भाग होती, ती पडद्यावर चैन कशी ठरते? ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंतची पोहोच हा घटनेच्या कलम २१मधील जीविताच्या हक्काचाच भाग मानला. तेव्हा हा सौजन्याचा विषयही राहिलेला नाही.

आमची मागणी मोजकी आहे. मोबाइलवरील मराठी मजकुराला त्याच तत्त्वांतील ७:१ हे कडक गुणोत्तर लावावे. १४ पॉइंटांची सवलत देवनागरीला लागू करू नये. ओळींतील अंतर अक्षराच्या दीडपट तरी असावे. फोनवर अक्षर मोठे केले की मजकूर त्याच रुंदीत नव्याने मांडला जावा. संहितेच्या सूक्ष्म वाचनाचा आग्रह धरणाऱ्या मराठी विभागांनी आधी ती संहिता दिसेल एवढे पाहावे.