तेल मागणारा चिरंजीव

नील शुस्टरमन या अमेरिकन लेखकाची ‘साइथ’ (2016) ही कादंबरी आमच्या एका विद्यार्थ्याच्या हाती पाहून शहाद्यातील एका सुशिक्षित गृहस्थांचा तिळपापड झाला. पोरांनी मरणाचे विचार का करावेत, आणि हे परदेशी खूळ आमच्या घरात हवे कशाला, असा त्यांचा दुहेरी सवाल आहे.

कादंबरीतील जगाने रोग, जरा व अपघात यांस जिंकले आहे. परंतु माणसे वाढतच जातात, म्हणून काहींना निवडून मारण्यासाठी अधिकारी नेमले आहेत. त्यांच्या हाताखाली सित्रा व रोवन ही कोवळ्या वयाची मुले उमेदवारी करतात. खलपुरुष जरा अधिकच काळा रंगविला आहे, हे कबूल. पण फॅरडे जुन्या मर्त्य युगातील मृत्यूंचे आकडे पाहून माणूस निवडतो, तर क्यूरी जीवनाला विटलेला चेहरा हुडकते. यांत न्याय्य कोणते? पन्नाशी उलटलेल्या आम्हांस उत्तर सुचले नाही.

आता परदेशी खुळाविषयी. दर दिवाळीत शहादा-तळोद्याकडील तरुण रात्रीचा सातपुडा तुडवीत अस्तंब्याचे शिखर चढतात, ते कोणासाठी? अश्वत्थाम्यासाठी. कपाळीच्या जखमेला तेल मागत तो या डोंगरांत हिंडतो, हे येथील पोरास अक्षरओळखीच्या आधी ठाऊक असते. सौप्तिकपर्वातील शाप तीन हजार वर्षांचा. लोकांनी ती मुदतच पुसून टाकली! निजलेल्या पोरांना ज्याने मारले, उत्तरेच्या गर्भावरही ज्याने अस्त्र सोडले, त्याला मरण नाकारणे हीच शिक्षा त्यांस पुरेशी वाटली. आमच्या या गृहस्थांचे चिरंजीवही अस्तंब्याला जाऊन आले आहेत, आणि त्याचे कौतुक आम्ही त्यांच्याच तोंडून ऐकले.

राहिला मरणाचा विचार. 2021 च्या उन्हाळ्यात आमच्या कित्येक विद्यार्थ्यांनी आजा-आजीस रुग्णवाहिकेत चढताना पाहिले, ते शेवटचेच. खाट एक आणि रोगी दोन, असे दिवस होते ते. निवड कोणी केली व कशावरून केली, हा प्रश्न त्या मुलांच्या मनात आला नसेल असे मानणारे वडीलधारे आम्हांस भोळे वाटतात. मुले विचारीत नाहीत, कारण विचारले की घरात विषय बदलतो. कादंबरी विषय बदलीत नाही, एवढाच तिचा अपराध.

‘थंडरहेड’ (2018) आणि ‘द टोल’ (2019) हे पुढील दोन भाग तो विद्यार्थी आम्हांस आणून देणार आहे. पहिला भाग आमच्याकडेच आहे. गृहस्थांनी केव्हाही न्यावा.