बरं वाटतंय, तरीही गोळी घ्या

सकाळी सातच्या सुमाराला डोंबिवली स्टेशनच्या जिन्यावर जी रेटारेटी असते, तिच्यात इमॅटिनिब घेणारी माणसंही असतात. ओळखू येत नाहीत. खांद्याला बॅग, बॅगेत डबा आणि आतल्या कप्प्यात गोळ्यांची स्ट्रिप. त्यांना क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल, हा रक्ताचा कर्करोग आहे आणि तरी ती कामाला निघालेली आहेत. तीस वर्षांपूर्वी हे फारच थोड्यांच्या नशिबी होतं. हे लिहितोय ते त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी.

या आजारात 9 आणि 22 क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते. त्यातून बीसीआर-एबीएल नावाचं प्रथिन तयार होतं आणि ते पांढऱ्या पेशी बेसुमार वाढवत सुटतं. इमॅटिनिब नेमकं तेच प्रथिन अडवतं. 2001 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. मोठ्या चाचणीत ज्यांनी सुरुवातीपासून हे औषध घेतलं, त्यांच्यापैकी दहा वर्षांनंतर 100 पैकी सुमारे 83 जण हयात होते.

पण चाचणीत गोळ्यांचा हिशेब ठेवायला माणसं नेमलेली असतात. घरी कोण ठेवतो? बेल्जियममध्ये 2009 साली तसा हिशेब केला, तर 100 पैकी फक्त 14 रुग्णांनी सगळ्या गोळ्या घेतल्या होत्या. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात तर 87 रुग्णांच्या बाटल्यांना चिप असलेली झाकणं लावली. बाटली उघडली की नोंद, असं तीन महिने चाललं. 90 टक्क्यांहून जास्त गोळ्या घेणाऱ्यांपैकी जवळपास 95 टक्के जणांचा आजार सहा वर्षांपर्यंत चांगला आटोक्यात आला होता. त्याहून कमी घेणाऱ्यांमध्ये हेच प्रमाण जेमतेम 28 टक्के. 90 टक्के म्हणजे महिन्याला तीन गोळ्या चुकल्या, एवढंच!

आपल्याकडे त्या तीन कशा चुकतात, तेही ठाऊक आहे. एकादशीला उपास, आणि गोळी तर जेवणाबरोबर घ्यायची. मग साबुदाण्याची खिचडी खा, वरीचे तांदूळ खा, त्यावर मोठा ग्लासभर पाणी प्या, पण गोळी घ्या. निर्जळी उपास तुमच्यासाठी नाही, आणि देवाचीही त्याला हरकत नसावी. गणपतीला कोकणात जाताना बाकी सगळं भरलं जातं आणि स्ट्रिप टेबलावर राहते. पायात गोळे येतात, डोळ्यांखाली सूज येते, मळमळतं, म्हणून कुणी परस्पर एकाआड एक गोळी घेऊ लागतं. तसं करू नका, डॉक्टरांना सांगा. त्रासावर उपाय असतो, डोसही बदलता येतो. राहिलेली गोळी भरून काढायला दोन एकदम घेऊ नका. टीबीचं रिफाम्पिसिन, कुणाचा काढा, कुठलंही नवं औषध सुरू करण्याआधी विचारा. रिफाम्पिसिनने इमॅटिनिबचा असर घटतो. बाळाचा विचार असेल तर बाईने आधी डॉक्टरांशी बोलावं, दिवस गेल्यावर नाही.

पैशांचंही बोलू. एके काळी मूळ कंपनीची गोळी महिन्याला लाखाच्या घरात जात होती. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने पेटंटविरुद्ध लढा दिला आणि 1 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचं अपील फेटाळलं. जेनेरिक गोळी त्यामुळे आपल्या हातात राहिली. तरीही महिनाअखेरीला ओढाताण झाली तर लाजू नका. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जा, महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला विचारा. स्ट्रिप संपायच्या आठवडाभर आधी जा, संपल्यावर नको.

आणि बीसीआर-एबीएलची तपासणी. सुरुवातीला ती दर तीन महिन्यांनी करायची असते. तपासणीसाठी परळच्या रुग्णालयात जायचं म्हणजे कामाचा एक खाडा पडतो, हे खरं. पण साध्या रक्ततपासणीत पेशी ठीक दिसत असताना आजार आतून पुन्हा डोकं वर काढत असेल, तर ते आधी याच तपासणीत कळतं, आणि तेव्हा औषध बदलायला वेळ हाताशी असतो.