पंच नेमायचा कोणी?

नोव्हेंबर २०२३ मध्ये धाराशिवच्या मैदानात शिवराज राक्षेने हर्षवर्धन सदगीरला हरवून महाराष्ट्र केसरीची गदा खांद्यावर घेतली. त्याच महिन्यात पुण्याजवळच्या फुलगावात सिकंदर शेखने याच शिवराजला हरवून हाच किताब मिळवला होता. एका महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी! राज्यात कुस्तीच्या संघटना दोन, म्हणून किताबही दोन. २०२५ मध्येही तेच घडले. अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ, कर्जतला वेताळ शेळके.

संघटनांचे भांडण पैलवानाच्या अंगावर येते ते पंचाच्या शिट्टीतून. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला मोहोळविरुद्धच्या कुस्तीत पंचांनी शिवराजला चितपट ठरवले. खांदे टेकलेच नाहीत, चित्रीकरण बघा, असे तो सांगत राहिला. कोणी ऐकले नाही, तेव्हा त्याने पंचाला लाथ मारली. त्या लाथेचे समर्थन होऊच शकत नाही. तीन वर्षांची बंदी योग्यच होती. पण पुढे चौकशीत पंचाचा निर्णय चुकल्याचे निष्पन्न झाले आणि पंचावरही तीन वर्षांची बंदी आली. निकाल मात्र बदलला नाही. चूक कबूल, भरपाई शून्य!

आपल्या यात्रांच्या फडात हलगी थांबली की पैलवानाची पाठ बघतात. पाठीला लागलेली माती सगळ्या गावाला दिसते, तिथे पंचाला खोटे बोलायला जागा नसते. गादीवर पाठीला काहीच लागत नाही. तिथे साक्ष डोळ्याची आणि कॅमेऱ्याची. डोळा चुकू शकतो. मग कॅमेरा बघायला नकार का?

व्यावसायिक बॉक्सिंगने हे दुखणे फार आधीपासून भोगले आहे. २०१७ मध्ये लास वेगासला गोलोव्हकिन-अल्वारेझ लढतीत एका पंचाने बारापैकी दहा फेऱ्या अल्वारेझला दिल्या आणि जग थक्क झाले. लढत बरोबरीत सुटली. प्रवर्तक लढत भरवतो, पैसा ओततो, आणि त्याचा खेळाडू जिंकला तर पुढची लढतही त्याचीच. अशा ठिकाणी संशयाला पुरावा लागत नाही. म्हणूनच अमेरिकेने २००० मध्ये मुहम्मद अली यांच्या नावाने कायदा करून प्रवर्तक आणि खेळाडूचा व्यवस्थापक यांचे हितसंबंध वेगळे करण्याचा प्रयत्न केला. तरी आजही तिथे वाद होतातच, हे मान्य.

आपल्याकडे मैदान भरवणारे बहुधा राजकारणी असतात. त्यांच्या पैशाने गदेसोबत चारचाकी मिळते, आणि त्याबद्दल त्यांचे आभारच मानले पाहिजेत. पंचांच्या नेमणुकीला मात्र त्यांचा हात लागता कामा नये. आणि चूक झालीच, तर दाद मागायला जागा हवी. खाशाबा जाधवांनाही १९५२ च्या ऑलिम्पिक निवडीत गुणांच्या वादात डावलले गेले होते. त्यांनी दाद मागितली, कुस्ती पुन्हा लावली गेली, आणि हेलसिंकीहून कांस्यपदक आले. दाद मागायला जागा होती म्हणून.

दोन्ही संघटनांनी एक स्वतंत्र पंच मंडळ मान्य करावे. अंतिम फेऱ्यांत चितपटीचा निर्णयही चित्रीकरण पाहूनच जाहीर व्हावा आणि पंचाची चूक सिद्ध झाली तर ती कुस्ती पुन्हा लावावी. पुढच्या महाराष्ट्र केसरीची गादी अंथरण्याआधी हे लेखी झाले पाहिजे.