पोलिसांच्या चौकशीवर नजर कोणाची?



आपली चळवळ पोलीस चौकीच्या दारातून उभी राहिली, असे म्हटले तर वावगे ठरू नये. १९७२ साली देसाईगंजच्या चौकीत मथुरा या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले. कायद्याच्या चार अध्यापकांनी त्याविरुद्ध खुले पत्र लिहिले आणि १९८० साली गावोगावी बायका रस्त्यावर आल्या. १९८३ साली कायदा बदलला. पण पोलिसांविरुद्धचा तपास कोणी करायचा आणि त्या तपासावर लक्ष कोणी ठेवायचे, हा प्रश्न तसाच राहिला.

परभणीचे उदाहरण ताजे आहे. डिसेंबर २०२४ मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, लोकांचा उद्रेक झाला आणि पोलिसांनी धरपकड केली. त्यात पकडलेला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. मारहाण झालीच नाही, असे सरकारने विधानसभेत सांगितले. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीने मात्र पोलिसांना जबाबदार धरले. तरीही गुन्हा नोंदवला गेला नाही. त्याची आई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेली, तेव्हा जुलै २०२५ मध्ये गुन्हा नोंदवण्याचा आदेश निघाला. या आदेशाविरुद्ध राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तिथे हरले. ज्याने तपासावर देखरेख ठेवायची, तेच सरकार आईच्या विरोधात उभे राहिले!

कोठडीतील मृत्यू किंवा बलात्काराची न्यायदंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशी २००५ च्या दुरुस्तीने सक्तीची झाली. नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद आहे. पण अहवाल आल्यावर पुढे काय, हे कायदा स्पष्ट सांगत नाही. नेमक्या याच फटीत प्रकरणे अडकतात.

२००६ साली प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्य आणि जिल्हा पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरणे नेमण्यास सांगितले व त्यांच्या शिफारशी बंधनकारक असाव्यात असे बजावले. महाराष्ट्राने २०१४ साली कायदा केला, पण जिल्ह्याऐवजी विभागावर समाधान मानले. गडचिरोलीच्या बाईसाठी विभाग म्हणजे नागपूर. तिथवर जायचे तर भाडे हवे, रोज बुडतो, सोबतीला माणूस लागतो.

कोठडीत मार खाल्लेल्यांच्या आया-बायकांबरोबर मी कचेऱ्यांच्या पायऱ्या चढते. मार बहुतेकदा पुरुषाला बसतो, पण शवविच्छेदनाच्या अहवालासाठी खेटे घालते ती बाई. जबाब घेणारा आरोपी पोलिसाचाच सहकारी असतो. मग कोणीतरी घरी येऊन 'मिटवून टाक' म्हणून समजावतो. म्हणून हा प्रश्न फक्त मानवी हक्कवाल्यांचा नाही, तो आपलाही आहे.

आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. न्यायदंडाधिकाऱ्यांनी पोलिसांवर ठपका ठेवला, की वेगळ्या आदेशाची वाट न पाहता गुन्हा नोंदवावा. तपास त्या जिल्ह्याच्या पोलिसांकडे नसावा. प्राधिकरण प्रत्येक जिल्ह्यात असावे, त्यावर स्त्रिया असाव्यात आणि त्याचे अहवाल लोकांसमोर यावेत.

तोवर गटांनी एवढे तरी करावे. १९९६ च्या डी. के. बसू निकालाने अटकेची लेखी नोंद, नातेवाइकांना खबर आणि दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी हे हक्क दिले आहेत. ते वस्तीतल्या बैठकीत वाचून दाखवावेत. कोणाला पकडून नेले, की दोघीतिघींनी मिळून ठाण्यात जावे, तारीख-वेळ लिहून ठेवावी, प्रत्येक अर्जाची पोच घ्यावी. परभणीच्या आईला उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. पुढच्या आईवर ती वेळ येऊ नये, यासाठी येत्या तिमाहीत आपापल्या जिल्ह्यातून ही मागणी लेखी स्वरूपात सरकारकडे गेली पाहिजे.