लंगोटातला मनू

विषय वाचून ज्यांचं नाक मुरडेल त्यांनी खुशाल पान उलटावं. आम्ही जांघेबद्दल बोलणार आहोत. आमच्या पोरांच्या जांघेबद्दल आणि आमच्या पोरींच्या छातीबद्दल. हॉकीच्या मैदानावर तिथं चेंडू बसतो तेव्हा आड काय असतं? एक पातळ चड्डी. पावसाळा असला तर ओली चड्डी. बस्स.

सभ्य मराठीत या जागेला नाव नाही. शिवी द्यायची झाली की नावांचा पाऊस पडतो, आणि त्या शिवीला आमची जात चिकटवली जाते. पण हिचं रक्षण कसं करायचं, असं विचारलं की सगळे एकदम सोवळ्यात जातात. मास्तर खोकतात. साहेब फाईल चाळतात. आई पदर तोंडाला लावते. आणि या सोवळ्याची किंमत आमचं पोरगं आंडावर मार खाऊन चुकती करतं.

हॉकीचा चेंडू म्हणजे काय ते आधी समजून घ्या. वजन १५६ ते १६३ ग्रॅम. टणक, दगडासारखा. मोठ्या सामन्यांत पेनल्टी कॉर्नरला ड्रॅग फ्लिक मारणारा गडी हा चेंडू ताशी १०० किलोमीटरच्या वर फेकतो. समोर गोलकीपर धरून फार तर पाच जण. त्यातला एक जण चेंडू आत येताच थेट मारणाऱ्याच्या अंगावर धावत सुटतो. त्याला रशर म्हणतात. गोलात जाणारा चेंडू वाटेतच अडवायचा हे त्याचं काम. काठीनं जमलं तर काठीनं, नाहीतर तो अंगावर बसणार.

आता आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाचं नियमपुस्तक बघा. गोलकीपरला हेल्मेट, पायाचे पॅड आणि किकर सक्तीचे. बाकी खेळाडूंना शिफारस कशाची? नडगी, घोटा आणि तोंड यांच्या संरक्षणाची. घोट्यावरून नडगीवर, नडगीवरून थेट तोंडावर! मधलं अख्खं शरीर उडी मारून ओलांडलं. पण पैसेवाल्याच्या पोराला क्लबात सांगणारा कुणीतरी असतो, बापाच्या खिशात पैसा असतो, तो गुपचूप आत घालून येतो. आमच्या पोराचं तसं नाही. जे यादीत नाही ते त्याच्या नशिबात नाही.

वस्तू तरी केवढी? दोन भाग. एक सपोर्टर, रुंद पट्ट्याचं आतलं वस्त्र. १८७४ साली शिकागोत, दगडी रस्त्यावरून सायकल हाणणाऱ्यांसाठी निघालं. दुसरा गार्ड, म्हणजे काठाला मऊ असलेलं कडक कवच. सपोर्टर सगळं जागच्या जागी धरतो. गार्ड मार स्वतःवर घेतो आणि काठावाटे भोवतीच्या हाडामांसावर पसरवतो. नुसता लंगोट धरतो, अडवत नाही. तालमीतल्या पैलवानाला लंगोट पुरतो, कारण हौद्यात चेंडू येत नाही. १९१२ साली खासबागेचं मैदान पुरं करणाऱ्या शाहूराजाच्या जिल्ह्यात लंगोट म्हणजे काय हे कुणाला शिकवायला नको. पण आपल्याकडं लंगोटाचं व्रत झालं, ब्रह्मचर्याचं निशाण झालं. त्याचं शास्त्र कुणी केलं नाही. साधा गार्ड काही शे रुपयांत मिळतो. सत्काराच्या शाली-नारळाचा खर्च याच्या वर जातो.

आणि मार बसला तर? बहुतेक वेळा पोरगं वाकतं, ओकतं, जरा वेळानं उठतं. बघणारे हसतात. पण कधी आंड आतून फुटतं. कधी त्याला पीळ पडतो आणि रक्त बंद होतं. पीळ पडला तर साधारण सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया व्हावी लागते. उशीर झाला की ते आंड कामातून गेलं.

सहा तास! हे सहा तास गगनबावड्यात मोजून बघा.

घाटमाथ्यावरचा तालुका. खाली करूळचा घाट, भुईबावड्याचा घाट, वर धुकं आणि धो धो पाऊस. कोल्हापूर पंचावन्न किलोमीटर. पूर आला की मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी चढतं आणि कोल्हापूरची वाट बंद. सीपीआर दवाखान्यात न्यायचं कसं? खांद्यावरून? आणि या पाण्याच्या अलीकडं आणखी एक घाट आहे, करूळपेक्षा अवघड. लाजेचा घाट. पोरगं बोलतच नाही. "पोटात दुखतंय" एवढंच म्हणतं. घरात ओवा देतात, हळद देतात, झोप म्हणतात. सहातले चार तास लाजेतच जातात.

ज्याला वाटतं की हा पोरखेळ आहे, त्यानं मैदान बघावं. १९७६ साली मॉन्ट्रिअलच्या ऑलिंपिकपासून मोठी हॉकी कृत्रिम गवतावर गेली. कोल्हापुरात मेजर ध्यानचंदांच्या नावाचं स्टेडियम आहे, लाईन बाजारच्या पोरांनी हॉकीचं नाव राखलंय. पण घाटमाथ्यावरच्या वाडीवस्तीतलं पोरगं काठी धरायला शिकणार ते मुरमावर आणि जांभ्यावर. गवतावर चेंडू सरळ येतो. मुरमावर तो खड्याला लागून उडतो, आणि कुठं उडेल ते ब्रह्मदेवाच्या बापालाही ठाऊक नाही. म्हणजे ज्याचं मैदान वाईट त्याला गार्डाची गरज जास्त. आणि ज्याचं मैदान वाईट त्याच्याकडंच गार्ड नाही. याला तुम्ही योगायोग म्हणा. आम्ही व्यवस्था म्हणतो.

कुठंकुठं शाळेच्या पेटीत एखादा गार्ड असतो. एकच. सगळ्यांचा मिळून. याच्या जांघेतून निघतो, त्याच्या जांघेत जातो. घामेजलेला, न धुतलेला, मापाचा पत्ता नाही. सैल गार्ड जागचा हलतो आणि त्याचाच काठ रुततो. वर गजकर्ण फुकट. गगनबावड्यात भर पावसाळ्यात कपडा वाळत नाही, चुलीच्या धगीला धरावा लागतो. तिथं ओला सपोर्टर म्हणजे बुरशीची शेतीच. आणि गंमत बघा. ज्या देशात आमच्या हातच्या पाण्याचा विटाळ झाला, त्या देशात जांघेतला गार्ड मात्र समतेनं फिरतो! पुण्याच्या जिमखान्यावर पळवणकर बाळूचा चेंडू यांना चालायचा. त्याला चहा मात्र बाहेर, मातीच्या टाकाऊ भांड्यात. खेळ आमचा हवा, आमच्या अंगाची जबाबदारी नको. हा हिशेब शंभर वर्षं जुना आहे आणि अजून फिटलेला नाही.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळानं काय वापरावं ते लिहून ठेवलंय. मेलेल्याच्या अंगावरची वस्त्रं. फुटकी भांडी. लोखंडाचे दागिने. म्हणजे दुसऱ्याचं उतरलेलं तेच तुमचं. वाड्यावरचं उतरलेलं लुगडं, साहेबाचा उतरलेला सदरा, आणि आता वरच्या वर्गातल्या पोराचा उतरलेला गार्ड. दोस्तांनो, मनू मेला असं समजू नका. बाहेर त्याला जागा उरली नाही म्हणून तो लंगोटात जाऊन बसलाय.

२५ डिसेंबर १९२७ ला महाडात मनुस्मृती जळाली. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब आमच्या आयाबायांशी बोलले ते कशाबद्दल? लुगडं कसं नेसायचं आणि जातीची खूण सांगणारे दागिने का टाकायचे याबद्दल. कपडा ही किरकोळ गोष्ट असती तर त्या माणसानं त्यावर एक शब्द तरी खर्च केला असता काय?

आता पोरींचं. यावर तर सगळेच मुके. छातीवर चेंडू बसला तर पोरगी कुणाला सांगणार? पी.टी.च्या सरांना? पोरींसाठी छातीचं कवच असतं, ओटीपोटाखाली लावायचा वेगळ्या आकाराचा गार्ड असतो, पळताना छातीला आधार देणारी घट्ट बॉडीस असते, हेच कितीजणींना कुणी सांगितलं? स्तन झाकायचा हक्कसुद्धा या देशात लढून मिळवावा लागला. त्रावणकोरात नाडर बायकांनी अंगावर कापड घ्यायचं ठरवलं तेव्हा ते टराटरा फाडलं गेलं. दंगली झाल्या. १८५९ साली राजाला परवानगीचा हुकूम काढावा लागला. त्या लढ्याची पुढची पायरी आमची पोरगी मागते आहे. नुसतं झाकणारं कापड नको, मार अडवणारं कवच पाहिजे.

आणि मार काय चेंडूचाच असतो? ३१ जुलै २०२१ ला टोकियोत वंदना कटारियानं दक्षिण आफ्रिकेवर तीन गोल ठोकले. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारी ती पहिली भारतीय बाई. ४ ऑगस्टला संघ उपांत्य सामना अर्जेंटिनाकडून हरला, आणि हरिद्वारजवळच्या रोशनाबादेत तिच्या घरापुढं फटाके वाजले. संघात दलित फार झाले म्हणून हरलो, असं जातीवरून बोलल्याची तक्रार घरच्यांना पोलिसात द्यावी लागली. तीन गोलांचं कवचसुद्धा जातीपुढं पुरलं नाही. मग ज्या पोरीच्या नावावर अजून एकही गोल नाही, तिचं काय?

"तुमची पोरं काटक असतात हो!" ही आणखी एक शिवी, फुलात गुंडाळलेली. काटक म्हणून दगड फोडायला तुम्ही. काटक म्हणून ऊस तोडायला तुम्ही. काटक म्हणून गटारात उतरायला तुम्ही. हाताने मैला साफ करण्यावर बंदीचा कायदा २०१३ चा. त्याच्या नियमांत संरक्षक साधनांची यादी आहे. तरी माणसं गटारात मरतात. २०२३ साली सुप्रीम कोर्टानं अशा मरणाची भरपाई १० लाखांवरून ३० लाखांवर नेली. मेल्यावर तीस लाखांचा आकडा, जितेपणी हातमोज्याला पैसा नाही! हॉकीतला गार्ड आणि गटारातला मुखवटा ही एकाच यादीतली नावं आहेत. आमचं शरीर वापरायचं आणि त्याला झाकायचा खर्च वाचवायचा, ही ती यादी.

धनराज पिल्ले खडकीला ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत मोडक्या काठ्यांनी खेळून चार ऑलिंपिकला गेला. ही गोष्ट दर बक्षीस समारंभात ऐकवतात. डोळे पुसतात. काठी मोडकी का होती, हे कुणी विचारत नाही. एक धनराज पोचला म्हणून मोडकी काठी पवित्र होत नाही. किती पोरं त्याच मोडक्या काठीपाशी थांबली, त्यांचा हिशेब द्या.

आता आमच्याच माणसांशी बोलू. चळवळीतला एखादा म्हणेल, "लेका, जमिनीचा प्रश्न पडलाय, नोकरीचा पडलाय, अत्याचार रोज होत्यात, आणि तू लंगोट कुठं घेऊन बसलास?" त्याला उत्तर असं. राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. घाटमाथ्यावरच्या भूमिहीनाच्या पोराला जिल्हा, विभाग, राज्य अशी शिडी चढून ते प्रमाणपत्र मिळालं तर घरात पहिला पगार येतो. या शिडीवर त्याच्याकडं भांडवल एकच, त्याचं अंग. कारखानदार आपल्या यंत्राचा विमा काढतो. आमच्या यंत्राला साधं झाकण नाही. नोकरीचा प्रश्न जांघेतून जातो, हे मान्य करायला लाज वाटत असेल तर ती लाज ज्यांनी शिकवली त्यांच्या दारात परत टाकून या.

म्हणून आमच्या मागण्या. विनंती म्हणून कुणी वाचू नये.

१. शाळा, वसतिगृह, क्रीडा कार्यालय, जिथून जिथून हॉकीचं साहित्य निघतं तिथल्या यादीत गार्ड आणि सपोर्टर नावानिशी लिहा. 'इतर साहित्य' या शब्दाआड लपू नका.

२. दर पोराला स्वतःचा, मापाचा. एक गार्ड, दोन सपोर्टर, कारण पावसात एक वाळत नाही. पेटीतला सार्वजनिक गार्ड आजच्या आज बंद.

३. पोरींना छातीचं कवच, त्यांच्या मापाचा गार्ड आणि चांगली बॉडीस. वाटायला आणि शिकवायला बाई असावी.

४. समाजकल्याणच्या वसतिगृहात राहून खेळणाऱ्या पोरापोरींना हे फुकट. नवं कोरं. कुणाचं उतरलेलं नाही.

५. खेळ शिकवणाऱ्या प्रत्येकानं पहिल्याच दिवशी उघड भाषेत सांगावं: इथं मार बसला, सूज आली, दुखणं थांबेना, तर लाजू नको, ताबडतोब बोल. आणि तालुक्याहून दवाखान्यात न्यायची गाडी कोण देणार, हे पावसाळ्याआधी ठरवावं. पाणी चढल्यावर नको.

यातली एकही मागणी सरकारचं दिवाळं काढणारी नाही. सहा तासांच्या आत पोचलो नाही तर जे जातं ते मात्र कुठल्याच खजिन्यातून भरून देता येत नाही.

आणि पोरांनो, पोरींनो, तुम्हांलाही सांगतो. संघ निवडला गेला की आधी विचारा, "सर, माझा गार्ड कुठाय?" मोठ्यानं विचारा. हसणारे हसतील. पाण्याला हात लावला तेव्हाही हसले होते, दगडही मारले होते. तुम्ही विचारत राहा. गार्ड हातात पडल्याशिवाय पेनल्टी कॉर्नरला धावू नका.

जयभीम.