भूगर्भ जाणणाऱ्या श्रमांचे मोल

महाराष्ट्राच्या भूमीचा सुमारे ८२ टक्के भाग बेसाल्टच्या काळ्या कातळाने व्यापलेला आहे. या कातळात पाणी साठते ते झिजलेल्या थरांत आणि भेगांत. त्यामुळे एकाच शेतात काही पावलांच्या अंतरावर घेतलेल्या दोन कूपनलिकांपैकी एकीला पाणी लागते आणि दुसरी कोरडी जाते. कोरड्या कूपनलिकेचा खर्च अखेर शेतकऱ्याच्या माथी कर्ज होऊन बसतो. अशा स्थितीत, हा कातळ वाचण्याचे शिक्षण घेतलेल्या तंत्रसहायकाच्या श्रमांना समाज काय मोल देतो, हा प्रश्न एका नोकरवर्गाच्या गाऱ्हाण्यापुरता उरत नाही.

१९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी राहिली. निरीक्षण विहिरींची पातळी ठरावीक काळाने मोजणे, विद्युत्‌रोधाच्या साहाय्याने भूस्तरांचा अदमास घेणे, खोदाईत निघणाऱ्या खडकांच्या नमुन्यांची नोंद ठेवणे, ही कामे कचेरीत बसून होत नाहीत. त्यांचा मोबदला मात्र बेताचाच आहे. २०१६ पासून लागू झालेल्या सातव्या वेतन आयोगानुसार केंद्रीय सेवेतील किमान मूळ वेतन १८,००० रुपये ठरले, तर ‘अ’ गटातील भूवैज्ञानिकाचा आरंभ ५६,१०० रुपयांवर. तंत्रसहायकाचे स्थान या दोहोंच्या मध्ये. शिक्षण आणि जबाबदारी लक्षात घेता ही तफावत सर्वस्वी अन्याय्य म्हणता येणार नाही. खरी अडचण पुढे आहे. बढतीची शिडी आखूड, आणि काम जेथे कंत्राटावर सोपविले जाते तेथे उद्याची शाश्वतीही नाही.

याचे कारण अर्थशास्त्रात सापडते. खनिज तेलाची कंपनी भूस्तरांच्या ज्ञानाला चांगला दाम देते, कारण त्याचे फळ तिच्याच पदरात पडते. भूजलाचे तसे नाही. विहिरींच्या पातळीची नोंद साऱ्या पाणलोटाच्या उपयोगाची असते; म्हणूनच तिची किंमत चुकविण्यास कोणी एकटा पुढे येत नाही. नडलेला शेतकरी पाणाड्यापुढे नारळ व दक्षिणा ठेवतो, परंतु वीस वर्षांच्या नोंदवहीला गिऱ्हाईक मिळत नाही. हे वेतन बाजारभावावर सोडले, तर ते नेहमी अपुरेच ठरणार.

तिजोरीवर भार पडेल, हा आक्षेप अपेक्षित आहे. तो गैरलागू नाही. परंतु अज्ञानाचाही खर्च असतो, आणि तो कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. राज्याने भूजलाच्या नियमनासाठी २००९ चा अधिनियम केला. नियमन मोजमापावर उभे असते, आणि मोजमाप ते करणाऱ्यावर. तेव्हा सरसकट वेतनवाढ शक्य नसली, तरी कायम नेमणूक, क्षेत्रकार्याचा वाजवी भत्ता आणि अनुभवाला बढती, एवढे तरी शासनाने मान्य करावे.

भूशास्त्राचा पदवीधर आपला विषय सोडून दुसऱ्या खात्याच्या परीक्षेकडे वळला, तर दोष त्याचा नव्हे. मात्र मोजणारा माणूसच उरला नाही, तर विहिरीचे पाणी किती उतरले हे गावाला पोहरा तळाशी आपटल्यावरच कळेल.