न जमलेले अनुकरण

मराठी विभागांच्या प्रश्नपत्रिकांमध्ये एक प्रश्न वर्षानुवर्षे ठाण मांडून बसलेला आहे. कवीचे नाव बदलते, त्याच्यावर प्रभाव टाकणाऱ्याचे नाव बदलते; 'प्रभावाची साधार चर्चा करा' हे शेपूट मात्र तेच राहते. आम्ही विद्यार्थी असताना हा प्रश्न सोडवला, पुढे स्वतः काढला आणि त्याच्या उत्तरांना गुणही दिले. उत्तराचा साचा ठरलेला असतो. साम्यस्थळे हुडकायची, दोन्हीकडच्या चार-चार ओळी शेजारी मांडायच्या आणि अखेरीस 'तथापि कवीने स्वतःचा ठसा उमटवलेला आहे' असे म्हणून सुटका करून घ्यायची. हे 'तथापि' आम्हांला बराच काळ छळत आले आहे. साम्य कुठून आले ते दाखवण्यात आमची सारी विद्वत्ता खर्ची पडते. ठसा कुठून आला, हे विचारायला वेळ उरत नाही.

आमच्यापुरता या प्रश्नाचा गुंता थोडा सुटला तो गिटारच्या वाटेने. विषय परका वाटेल, पण वाचकांनी थोडा धीर धरावा.

आपल्याकडे एखाद्या तरुण कवीला 'तुमच्यावर अमक्याचा प्रभाव दिसतो' असे म्हटले की तो आरोपीसारखा उभा राहतो. वादकांच्या जगात, निदान अमेरिकेतील ब्लूज आणि जॅझ वाजवणाऱ्यांच्या जगात, परिस्थिती उलट आहे. तिथे कुणापासून काय घेतले हे वादक आपण होऊन सांगतो. गुरूचे नाव घेताना आपले गवई कानाच्या पाळीला हात लावतात, तसाच काहीसा तो प्रकार असतो. बी. बी. किंग हा या बाबतीत विशेष मोकळा माणूस होता. 1996 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात आणि असंख्य मुलाखतींत त्याने आपल्याला घडवणाऱ्या गिटारवादकांची नावे पुन्हा पुन्हा सांगितली आहेत: ब्लाइंड लेमन जेफरसन, लॉनी जॉन्सन, टी-बोन वॉकर, चार्ली ख्रिश्चन, जॅंगो राइनहार्ट आणि आईच्या नात्यातला बुका व्हाइट.

किंगचा जन्म 16 सप्टेंबर 1925 रोजी मिसिसिपी राज्यात, कापसाच्या मुलखात झाला. शेतमजुराचा हा मुलगा पुढे ट्रॅक्टर चालवू लागला. गिटारवरचे पहिले कॉर्ड त्याला चर्चमधल्या एका धर्मोपदेशकाने दाखवले. बाकीचे शिक्षण तबकड्यांनी केले. त्याच्या नात्यातल्या एका वडीलधाऱ्या बाईकडे फोनोग्राफ होता आणि त्यावर लॉनी जॉन्सन व ब्लाइंड लेमन ऐकायला मिळत. इथे आपल्या वाचकांना भीमसेन आठवल्यावाचून राहणार नाहीत. अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी ऐकून अकरा वर्षांच्या त्या मुलाने 1933 मध्ये घर सोडले. खाँसाहेबांपुढे बसून शिकण्याचा योग मात्र आला नाही. शिकवले ते त्यांच्या शिष्याने, सवाई गंधर्वांनी. तबकडी हा विसाव्या शतकातला एक विलक्षण गुरू आहे. तो हवे तितक्या वेळा सांगतो, पण चूक झाली तर टोकत नाही.

आता वरची यादी पुन्हा पाहावी. मिसिसिपीच्या डेल्टा भागात वाढलेल्या ब्लूजवादकाची घडण शोधायला निघालेला समीक्षक पहिल्या प्रथम कुणाचे नाव घेईल? रॉबर्ट जॉन्सनचे. तो किंगच्या गावांपासून फार दूर नसलेल्या ग्रीनवुडजवळ 1938 मध्ये वारला. त्याचा आणि सैतानाचा चव्हाट्यावरचा करार ही आख्यायिका आता ब्लूज न ऐकणाऱ्यांनाही ठाऊक असते. किंगने मात्र आपल्या घडणीत त्याला मोठे स्थान दिलेले नाही. त्याने मान दिला तो लॉनी जॉन्सनला. लॉनी न्यू ऑर्लिन्सच्या शहरी वातावरणात वाढलेला, व्हायोलिनही वाजवणारा, 1927 मध्ये लुई आर्मस्ट्रॉंगच्या हॉट फाइव्ह या वाद्यवृंदाबरोबर ध्वनिमुद्रण केलेला, सफाईदार बोटांचा कलावंत. चार्ली ख्रिश्चन ओक्लाहोमात वाढला आणि बेनी गुडमनच्या ताफ्यात गाजला. जॅंगो तर युरोपातल्या भटक्या रोमा जमातीतला. त्याच्या तबकड्या सैन्यातून परतलेल्या एका मित्राने फ्रान्समधून आणल्या तेव्हा किंगने त्या ऐकल्या.

आमच्याकडच्या देशीवादाच्या चर्चेला हे उदाहरण अडचणीचे आहे, असे आम्हांला वाटते. कापूस वेचणाऱ्या, त्या मातीशी पुरता बांधलेल्या या मुलाला आपले सूर सापडले ते न्यू ऑर्लिन्सच्या, टेक्ससच्या आणि पॅरिसच्या तबकड्यांत. रॉबर्ट जॉन्सनची थोरवी सर्वांना कळली तीही 1961 मध्ये त्याच्या मुद्रणांची एकत्रित तबकडी निघाल्यावर. तोवर किंग नावारूपाला येऊन दहा वर्षे होत आली होती. मागाहून थोर ठरलेल्यांना आपण मागाहूनच प्रभावशाली ठरवतो आणि कुणाला काय ऐकायला मिळाले होते, ही साधी चौकशी करायला विसरतो. गमतीची गोष्ट अशी की, 'मातीतला' म्हणून ज्याचा गौरव होतो त्या रॉबर्ट जॉन्सनच्या 1937 मधील दोन गाण्यांवर लॉनी जॉन्सनची छाया इतकी दाट आहे की ती ऐकताना हा तोच माणूस का, असा प्रश्न पडावा. मातीलाही तबकड्या ऐकू येत होत्या तर!

पण आमचा खरा मुद्दा बुका व्हाइटपाशी आहे.

1946 मध्ये किंग मेम्फिसला गेला आणि काही महिने या नातलगाच्या घरी राहिला. बुका धातूच्या अंगाची गिटार वाजवी आणि डाव्या हाताच्या बोटात नळी घालून ती तारांवरून सरकवी. गिटारच्या मानेवर सतारीसारखे पडदे असतात. ते स्वरांचे तुकडे पाडतात. नळी तारेवर सरकवली की दोन पडद्यांच्या मधली, एरवी न सापडणारी जागा खुली होते आणि आपल्या मींडेसारखा अखंड, माणसाच्या गळ्याजवळ जाणारा सूर निघतो. किंगला तो सूर हवा होता. त्याने प्रयत्न केला आणि त्याला तो जमला नाही. आपली बोटे मठ्ठ होती, अशा अर्थाचे तो पुढे हसत हसत सांगे.

मग त्याने काय केले? नळी बाजूला ठेवली, तार नुसत्या बोटाने दाबली आणि बोट जागेवर ठेवून मनगटापासून हात हलवू लागला. स्वर आपल्या जागेभोवती थरथरू लागला. आपण ज्याला आंदोलन म्हणतो त्याच्या हा जवळचा, पण अधिक द्रुत आणि अधिक घट्ट प्रकार आहे. त्याला जोड मिळाली ती तार बाजूला ओढून स्वर चढवण्याच्या युक्तीची, आणि टी-बोन वॉकरमुळे वेड लागलेल्या विद्युत गिटारची. साध्या गिटारवर छेडलेला स्वर लगेच विझतो, त्याला हलवायला वेळच मिळत नाही. ध्वनिवर्धकातून तो रेंगाळतो. 1947 मध्ये टी-बोनचे 'स्टॉर्मी मंडे' आले नसते, तर बुकाकडून न जमलेली गोष्ट न जमलेलीच राहिली असती. एका प्रभावाची तूट दुसऱ्याने आणलेल्या साधनाने भरून काढली. 1964 च्या नोव्हेंबरात शिकागोच्या रीगल थिएटरमध्ये मुद्रित झालेली त्याची मैफल ऐकावी. एक स्वर लागतो, थरथरतो, आणि वाजवणारा कोण हे श्रोत्याला कळते. दुसऱ्या स्वराची वाट पाहावी लागत नाही.

म्हणजे ज्याला आपण किंगचा 'ठसा' म्हणतो तो एका फसलेल्या अनुकरणाचा अवशेष आहे. त्याच्या मुद्रणांत बुका व्हाइटशी साम्यस्थळे शोधणाऱ्याला जवळजवळ काहीच हाती लागणार नाही. ना ती नळी, ना ते धातूचे खणखणीत अंग, ना तो ठेका. प्रश्नपत्रिकेच्या हिशेबाने इथे प्रभाव शून्य! आणि तरीही यादीतल्या साऱ्यांत खोलवर पोचलेला हाच आहे. जॅंगोचेही काही अंशी तसेच. जॅंगोच्या स्वरमालिका झरझर धावतात, किंग एका स्वरापाशी थबकतो. किंगला जलद वाजवण्याची मातब्बरी नव्हती आणि कॉर्डच्या बाबतीत आपण कच्चे आहोत हे तो उघडपणे कबूल करी. गाणे आणि वाजवणे एकाच वेळी त्याला साधत नसे. म्हणून तो एक ओळ गाई आणि मग थांबून गिटारला उत्तर देऊ देई. त्याच्या वादनातला संवाद, ज्यावर रसिक लुब्ध आहेत, त्याच्या मुळाशी हीच अडचण आहे.

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. उणिवेतून शैली जन्मते, हे सूत्र फार लवकर गुळगुळीत होते. 1928 मध्ये गाडीला लागलेल्या आगीत जॅंगोच्या डाव्या हाताची दोन बोटे जवळजवळ निकामी झाली आणि उरलेल्या दोन बोटांवर त्याने आपले वादन नव्याने उभारले, ही हकीगत सर्वत्र सांगितली जाते. कुमार गंधर्वांच्या गायनातल्या छोट्या, तुटक भासणाऱ्या फेकींचा संबंध त्यांच्या निकामी झालेल्या फुफ्फुसाशी जोडण्याची आपल्याकडे तशीच हौस आहे. ही दोन्ही उदाहरणे शरीरावर ओढवलेल्या संकटाची आहेत. किंगच्या हाताला काही झालेले नव्हते. त्याला एक विशिष्ट सूर हवा होता आणि तो दुसऱ्याच्या रीतीने निघत नव्हता, इतकेच. हव्यास नसता तर उणीव नुसती उणीव राहिली असती. शेकडो जणांना नळी जमली नसेल आणि त्यांनी ती ठेवून दिली असेल.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना इथे हॅरोल्ड ब्लूम आठवेल. समर्थ कवी आपल्या पूर्वसूरीचे हेतुतः चुकीचे वाचन करतो आणि स्वतःसाठी जागा करून घेतो, ही त्याची 1973 मधली मांडणी आम्ही वर्गात शिकवत आलो. तिच्यातला झगडा, बापाशी असावी तशी चुरस, आम्हांला दिवसेंदिवस संशयास्पद वाटू लागली आहे. किंगला बुकासारखेच वाजवायचे होते. जागा वगैरे करून घ्यायची त्याला मुळीच इच्छा नव्हती. चूक हेतुतः झाली नाही आणि ती झाली याचे त्याला वाईटही वाटत राहिले. या प्रकाराला आम्ही तरी प्रेमच म्हणू. ब्लूमच्या सिद्धांतात त्याला स्थान नाही, आणि आमच्या 'साधार चर्चे'तही नाही.

मर्ढेकरांकडे या दृष्टीने पाहायला हवे होते, असे आता वाटते. 'शिशिरागम' 1939 चा, 'काही कविता' 1947 च्या. मधल्या वर्षांत एलियट आला, असे आपण सांगतो आणि साम्यस्थळे मोजतो. पण 'शिशिरागम'मध्ये बालकवींची आणि रविकिरण मंडळाची जी वळणे गिरवलेली आहेत, ती पुढे कुठे गेली? ती सुटली, असे आपण धरून चालतो. आम्हांला शंका आहे की ती सुटली नाहीत. नंतरच्या मर्ढेकरांत ओवी-अभंगाच्या घाटात यंत्रयुगाचे शब्द कोंबताना जो एक कोवळा, जवळजवळ बालकवींचा सूर मधूनच निसटून जातो, तो एलियटच्या हिशेबात बसत नाही आणि संतांच्याही नाही. ते न जमलेले बालकवी तर नव्हेत? हे आम्ही सिद्ध केलेले नाही. कुणी तरी करावे. पण त्यासाठी कवीला काय साधले याबरोबरच, काय साधायचे होते आणि हातातून निसटले, याचा माग काढावा लागेल.

प्रभावांच्या याद्यांवर विसंबून हे होणार नाही, हेही मान्य केले पाहिजे. युनिस डिसोझा यांनी घेतलेल्या मुलाखतीत अरुण कोलटकरांना आवडत्या कवी-लेखकांविषयी विचारले, तेव्हा त्यांनी नावांचा असा पाऊस पाडला की त्यात ज्ञानेश्वर-तुकाराम, पठ्ठे बापूराव, गोडसे भटजी, रॉबर्ट जॉन्सन, मडी वॉटर्स आणि लॉरेल-हार्डीसुद्धा भिजले. ही यादी प्रबंधात आधार म्हणून उद्धृत झालेली आम्ही पाहिली आहे. तिच्यातला मिस्कीलपणा मात्र प्रबंधकाराच्या लक्षात आलेला नव्हता. किंगची यादी प्रांजळ आहे, पण तीही कृतज्ञतेची यादी आहे. लेस्टर यंगचा सॅक्सोफोन, लुई जॉर्डनची गाणी, चर्चमधले समूहगायन यांनी त्याच्या गिटारला किती बोलते केले, हे 'गिटारवादक सांगा' असे विचारल्यावर यायचेच नाही. विचारणाऱ्याने वाद्याच्या नावाची चौकट आखून दिलेली असते. आम्हीही 'कवींचा कवींवर प्रभाव' एवढेच विचारतो; कीर्तनाचा, तमाशाचा, जाहिरातीचा, आईच्या बोलण्याचा विचारत नाही.

किंग 14 मे 2015 रोजी वारला. तोवर त्याचा तो थरथरता स्वर अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवरच्या तीन पिढ्यांनी तास न् तास बसून गिरवला होता. एरिक क्लॅप्टन त्यातला सर्वांना ठाऊक असलेला. बुकाच्या नळीची नक्कल न जमल्याने जन्मलेली खूण आता शिकवणीच्या पुस्तकांत आकृत्यांसह दिलेली असते: अंगठा मानेपासून सुटा ठेवा, मनगट असे फिरवा. ती ज्यांना तंतोतंत जमते त्यांचे वादन ऐकून आम्हांला फारसे काही वाटत नाही.

आणि लॉनी जॉन्सन? किंगने ज्याचे नाव आयुष्यभर आदराने घेतले, तो 1959 मध्ये एका रेडिओ-निवेदकाला पुन्हा सापडला तेव्हा फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात झाडलोट-सफाईच्या नोकरीवर होता. त्यानंतर त्याची आणखी काही मुद्रणे झाली. 1970 मध्ये तो वारला.